बालवाडीतली रडारड : या चुका टाळा

जूनमध्ये शाळा उघडली की एक चूक दरवर्षी डोळ्यांदेखत घडते. मूल खेळण्यात रमले की ताई खूण करतात आणि आई मागच्या दाराने निघून जाते. तेवढ्यापुरती रडारड वाचते खरी. परंतु आई न सांगता नाहीशी होऊ शकते, हे त्या तीन वर्षांच्या जिवाला पक्के कळते. नवखी असताना मीही हे केले आहे. त्या मुलीने पुढे तीन आठवडे पाठीवरचे दप्तर उतरवू दिले नाही, डबासुद्धा ती ते अडकवूनच खाई आणि दाराची कडी वाजली की हातातले ठोकळे टाकून धावत सुटे. अखेर आम्ही तिच्या आईला दोन दिवस वर्गात बसवून घेतले आणि नंतर रोज, ‘खाऊ खाऊन झाला की मी येते,’ असे सांगून पुढच्या दारानेच जायला लावले. ‘अकरा वाजता येते’ म्हणण्यात अर्थ नव्हता, कारण या वयात खाऊ, गोष्ट आणि गाणी हेच घड्याळ असते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरजवळच्या कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली होती. आपल्याला ते जमत नसेल, तर निदान निरोप तरी नीट घेऊ द्यावा.

दुसरी चूक म्हणजे ‘सॉरी म्हण’ हा हुकूम. ढकलणारे मूल तो शब्द पुटपुटते आणि वळून पुन्हा ढकलते. मी आधी ज्याला लागले त्याच्याजवळ बसते आणि मग दुसऱ्याला त्याच्यासाठी पाणी आणायला सांगते. याला दहा मिनिटे लागतात. ती ज्यांना जड वाटतात, त्यांनी मोठ्या वर्गांवर शिकवावे.

भिंतीवर भावनांचा तक्ता लावून तो पाढ्यांसारखा घोकून घेणे व्यर्थ आहे. मनोरा कोसळल्यावर, ‘राग आला ना?’ असे त्याच क्षणी विचारावे.

‘मुलगा असून रडतोस?’ हे वाक्य वर्गात उच्चारूच नये.

एकच लाल गाडी ठेवून ‘वाटून खेळा’ म्हणू नये, दोन ठेवाव्यात.

मुलाला कोपऱ्यात उभे करू नये. शिक्षण हक्क कायद्याचे कलम 17 मानसिक छळाला मनाई करते. तो कायदा सहा वर्षांपासूनच्या मुलांसाठी आहे, ही पळवाट मी शिक्षिकांच्याच तोंडून ऐकली आहे.

पालकांना एकच विनंती असते : उशीर होणार असेल तर शाळेत फोन करावा, म्हणजे खाऊ संपण्याआधी मुलाला तसे सांगता येते.