परगावच्या गिऱ्हाइकाशी ईमेलने ओळख कशी राखावी

कोल्हापुरात अंबाबाईच्या दर्शनाला आलेला माणूस चप्पल लाईनीत, म्हणजे चपलांच्या बाजारात, कापशी या प्रकारच्या कोल्हापुरी चपलेचा एक जोड घेतो आणि त्याच संध्याकाळी ठाण्याला किंवा हुबळीला परततो. पुढचा जोड घ्यायची वेळ येते तेव्हा चप्पल चांगली निघाली एवढेच त्याला आठवते, दुकानाचे नाव मात्र आठवत नाही. गावातले गिऱ्हाईक येता-जाता भेटते, त्याला ईमेलची गरज नाही. ईमेल उपयोगी पडतो तो या परगावच्या गिऱ्हाइकासाठी, आणि तोही जाहिरातीपेक्षा ओळख राखण्यासाठी.

सुरुवात बिल करतानाच करावी. ‘चपलेची निगा कशी राखायची ते ईमेलने कळवू का, आणि वर्षातून तीन-चार वेळा पत्र पाठवले तर चालेल का?’ असे सरळ विचारावे आणि होकार मिळाला तरच पत्ता घ्यावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा भरही संमतीवरच आहे, आणि दिलेली संमती परत घेणे तितकेच सोपे असावे, असे तो सांगतो. पत्ता गिऱ्हाइकालाच टाइप करायला द्यावा, कारण आपण ऐकून लिहिलेल्या पत्त्यात एक अक्षर चुकले तरी पत्र परत येते. पत्त्याशेजारी गाव, पायाचे माप, घेतलेला प्रकार आणि तारीख नोंदवावी. खरे भांडवल या चार रकान्यांत आहे, कारण पुढे काय लिहायचे ते यांवरूनच सुचते.

पहिले पत्र आठवड्याच्या आत जावे आणि त्यात विक्रीचा एक शब्दही नसावा. विषयाच्या ओळीत ‘खास ऑफर’ ऐवजी ‘आपल्या कापशी चपलेची निगा’ असे लिहावे. मजकूर साधारण असा असावा: ‘नमस्कार. आपण नेलेल्या चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले आहे. पहिले काही दिवस ती थोडा थोडा वेळच वापरावी. चपलेचा कान (बाजूची पट्टी) किंवा अंगठा (बोट अडकवायचा भाग) टोचत असेल, तर तेथे तेलाचे बोट फिरवावे. भिजल्यास उन्हात न ठेवता सावलीत वाळवावी. काही अडचण आल्यास याच पत्राला उत्तर द्यावे, आम्ही वाचतो.’ शेवटचे वाक्य लिहिले की ते पाळावेच लागते. उत्तर न स्वीकारणाऱ्या पत्त्यावरून पाठवलेले पत्र म्हणजे दुकान उघडे ठेवून गल्ल्यावर कोणी नसणे.

पुढची पत्रे हंगाम पाहून लिहावीत. मृगाच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापूर्वी, चपला पावसाळ्यात कशा ठेवाव्यात ते कळवावे. दिवाळीच्या महिनाभर आधी नव्या जोडांची माहिती द्यावी आणि मागणी किती तारखेपर्यंत आल्यास माल वेळेवर पोहोचेल, तेही स्पष्ट लिहावे. दर आठवड्याला पत्र पाठवण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण वर्षा-दीड वर्षाने एक जोड घेणाऱ्याला तो जाच वाटतो. उद्यमनगर या कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागातल्या मशीनशॉपचे गणित निराळे आहे. तेथील खरेदी अधिकाऱ्याला दर आणि माल देण्याची तारीख हवी असते, सणाच्या शुभेच्छा नकोत.

पाठवताना मी एकदा चूक केली आहे. सगळे पत्ते ‘टू’च्या रकान्यात टाकल्याने प्रत्येकाला इतरांचे पत्ते दिसले, आणि एका गृहस्थांनी मापाची तक्रार सर्वांनाच पाठवली. यादी लहान असेल तर ‘बीसीसी’चा रकाना वापरावा, त्यात एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० जणांपर्यंतच पत्र जाते, आणि यादी शेकड्यांत गेली की ईमेल पाठवणारी सेवा घेणे बरे. स्वतःचे डोमेन (दुकानाच्या नावाचा इंटरनेटवरचा पत्ता) असल्यास त्यासाठी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, पत्र खरोखर आपल्याकडूनच आले हे पटवणाऱ्या, नोंदी वेबसाइट सांभाळणाऱ्याकडून करून घ्याव्यात. २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी या बाबतीत नियम कडक केले असून, नोंदी नसलेले पत्र स्पॅममध्ये जाण्याची शक्यता वाढते. प्रत्येक पत्राखाली ‘पत्रे बंद करा’ ही सोय असावी. ती सापडली नाही की वैतागलेला माणूस ‘स्पॅम’चे बटण दाबतो, आणि त्याने सगळ्याच पत्रांची पत जाते.

किती जणांनी पत्र उघडले या आकड्यावर फार विसंबू नये, कारण ॲपलच्या मेलमध्ये २०२१ पासून न वाचलेले पत्रही उघडल्यासारखे नोंदले जाऊ शकते. त्यापेक्षा उत्तरे मोजावीत. ‘यंदा आईसाठी एक माप लहान मिळेल का?’ असे कोणी विचारले, तर त्याच दिवशी उत्तर द्यावे आणि आईचे माप नोंदीत त्याच नावापुढे लिहून ठेवावे.