सोलापूरचा उन्हाळा आणि तान्हं बाळ : या चुका टाळा

"ताई, लेकराचा घसा सुकतोय, दोन चमचे पाणी पाजलं तर काय होतंय?"

एप्रिल लागला की अंगणवाडीत हा प्रश्न रोज येतो. बाहेर पारा चाळिशीच्या वर, घरावर पत्रे. आजीचा जीव कासावीस होणारच. तरी माझं उत्तर एकच असतं : सहा महिने पूर्ण होईपर्यंत पाण्याचा थेंबही नको. आईच्या दुधात शेकडा 87-88 भाग पाणीच असतं. इवलंसं पोट वरच्या पाण्यानं भरलं की तेवढं दूध कमी जातं आणि वजन अडतं. शिवाय वाटी-चमच्यातून जुलाबाची लागण होते. पाणी आईनं प्यावं आणि बाळाला जास्त वेळा अंगावर घ्यावं.

दूध पुरतंय का, हे लंगोट सांगतात. पहिला आठवडा सरल्यावर दिवसाला सहा-सात वेळा फिकट लघवी होत असेल तर पुरतंय. लघवी कमी आणि गडद, टाळू खोल गेलेली, बाळ मलूल, अंगावर घेतलं तरी ओढत नाही, असं दिसलं तर घरी वाट बघू नका, दवाखाना गाठा.

चादरीत गुंडाळणं

मे महिन्यात एका बाळंतिणीच्या घरी गेले होते. बाळ वीस दिवसांचं. टोपरं, मोजे, घट्ट दुपटं आणि त्यावर आपली सोलापुरी चादर. "वारं लागेल" म्हणून खिडकीही बंद. गाल लालबुंद, मानेच्या वळीत घामोळं, अंग तापलेलं. मी एकेक थर काढला, खिडकी उघडली, आईला बाळ अंगावर घ्यायला सांगितलं. अर्ध्या तासात अंग निवलं आणि बाळ चुटूचुटू प्यायला लागलं. त्या घरात माया कमी नव्हती, उलट सगळं मायेपोटीच चाललं होतं. म्हणून तर हे पुन्हापुन्हा सांगावं लागतं.

आपल्या अंगावर जेवढे कपडे, त्यापेक्षा बाळाला फार तर एक थर जास्त. उन्हाळ्यात तोही नको. गरम होतंय का ते मानेला आणि पोटाला हात लावून बघा, तळवे गार असले तरी चालतात. मात्र तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप थर काढल्यावरही 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त राहिला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि दुपट्यात पाय सरळ ताणून बांधू नका, खुबा सरकू शकतो. पाय बेडकासारखे दुमडलेलेच राहू द्या.

विडीचं सूप आणि बाळ

आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी बाया विड्या वळतात. आईच्या मांडीवर तंबाखू-पानांचं सूप, शेजारी साडीची झोळी. बाळ रडलं की सूप बाजूला आणि बाळ पदराखाली. त्या बोटांवर तंबाखू असतो. साबणानं हात धुऊन, कपडे झटकूनच पाजा, आणि झोळी सुपापासून लांब, हवेशीर जागी बांधा. कामाचा हिशेब मला कळतो, पण हात धुवायला दोनच मिनिटं लागतात.

मध आणि काजळ, दोन्ही नको. वर्षाच्या आत मधातून विषबाधा होऊ शकते, काजळात शिसं असू शकतं. मालिश जरूर करा, हलक्या हातानं. नाका-कानात तेल मात्र सोडू नका. तेलानं टाळू भरत नाही, हाडं वाढतात तशी ती दीड-दोन वर्षांत आपोआप भरते.

शेजारच्या बाळाशी तुलना

"तिचं बाळ केवढं गुबगुबीत!" या एका वाक्यापायी कितीतरी आया वरचं दूध सुरू करतात. पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. पुढे पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्माच्या दुप्पट, वर्षाला तिप्पट. म्हणजे 2.8 किलोचं बाळ वर्षाला साधारण 8.4 किलोचं. उंची 50 सेंटिमीटरवरून 75 च्या आसपास जाते. बघायची ती वाढीच्या कार्डावरची बाळाच्या वजनाची स्वतःची रेघ. ती चढती असेल तर बारीक बाळही ठीक. आडवी झाली की मला लगेच विचारा.

चार महिने होऊनही मान सावरत नसेल किंवा नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. लवकर चालावं म्हणून वॉकर आणू नका. त्यानं चालणं लवकर येत नाही, पडून डोकं मात्र फुटतं.

सहा महिने झाले की नुसतं डाळीचं पाणी नको. मुगाची खिमट तूप घालून इतकी घट्ट करा की चमचा तिरका केला तरी चटकन ओघळू नये. सुरुवातीला दोन-तीन चमचे पुरेत, आणि अंगावरचं दूध चालूच ठेवा.