माळ्यावरचा जुना स्केटबोर्ड पुन्हा चालता करताना

माळ्यावर, अडगळीत किंवा भंगारवाल्याकडे जुना स्केटबोर्ड सापडला, की आधी पॉलिश पेपर आणि थिनर लांब ठेवा. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं दुकान आहे. कुणाच्या मामानं, कुणाच्या काकानं ऐंशीच्या दशकात अमेरिकेहून आणलेले बोर्ड अधूनमधून माझ्याकडे येतात. त्यातले काही आधीच घासून, वर ऑइल पेंट मारून आलेले असतात. बघून जीव तुटतो. त्या काळची चित्रं स्क्रीन प्रिंटिंगनं थेट लाकडावर छापलेली असत. पॉवेल पेराल्टा या अमेरिकन कंपनीच्या फळ्यांवरच्या कवट्या आणि सांगाडे काढणारे व्हर्नॉन कोर्टलँड जॉन्सन यांची रेघ एकदा थिनरनं पुसली गेली की गेलीच. चित्रावरून ओलसर सुती फडकं फिरवा, फार तर साबणाचं पाणी वापरा. खालचे ओरखडे तसेच राहू द्यात. कुणीतरी कुठल्यातरी कठड्यावर घसरायला शिकलंय, त्याचा तो पुरावा आहे.

बोर्डाचं वय अंदाजानं सांगता येतं. चाकात सुटे छर्रे आणि कोन दिसले, तर ती रचना सत्तरच्या दशकाच्या मध्याआधीची. त्याही आधी मातीसारख्या ठिसूळ मिश्रणाची चाकं असत, बारीक खडा आला की बोर्ड जागीच थांबे. फ्रँक नॅस्वर्दीनं सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पॉलियुरेथेनची चाकं आणली आणि खेळच बदलला. पुढे १९७६-७७च्या कॅलिफोर्नियातल्या दुष्काळात पोहण्याचे हौद कोरडे पडले, पोरं त्यात उतरली आणि फळ्या रुंद होत गेल्या. दहा इंच रुंद, पुढचं टोक आखूड आणि फक्त शेपटी वर वळलेली फळी दिसली, तर बहुधा ऐंशीचं दशक. दोन्ही टोकं सारखी वळलेली, अरुंद फळी त्यानंतरची.

आता पाना घ्या. फळीखाली चाकं धरणाऱ्या धातूच्या जोडणीला ट्रक म्हणतात आणि ती मधोमध आवळणाऱ्या बोल्टला किंगपिन. चाकाच्या नटाला चार सुताचा (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), किंगपिनच्या नटाला बहुतेक साडेचार सुताचा. गंजलेल्या नटावर गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर थांबा. हिसका दिला की डोकं गोल होतं आणि मग काम वाढतं.

इथं एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. चाकाच्या अ‍ॅक्सलचे आटे अडीच सूत, चोवीस टीपीआय, म्हणजे इंचाला चोवीस आटे, असतात. हार्डवेअरच्या दुकानात आठ एमएमचा नट देतील, तो दोन आटे चढेलही, पण पुढे जोर लावला की अ‍ॅक्सलचे आटे खलास. बारीक आट्याचा यूएनएफ नट मागा, नायलॉनवाला. अ‍ॅक्सलचे आटे दबलेले असतील तर त्याच मापाची आटे पाडायची डाय हलक्या हातानं फिरवून घ्या.

किंगपिन तीन सुताचा, तोही बारीक आट्याचा. वाकला असेल तर बदलाच, पण साध्या एमएसच्या (माइल्ड स्टीलच्या) सळईतून वळवून घेऊ नका, वळणावर तो तुटतो. हाय-टेन्साइल बोल्टच हवा. मधले रबरासारखे बुश इतक्या वर्षांत दगड झालेले असतात. ते मात्र आपल्याकडे छान होतात. पीयूचा (पॉलियुरेथेनचा) रॉड घेऊन जुन्या बुशच्या मापानं लेथवर काढून घ्यायचे. वरचा शंकूसारखा आणि खालचा सपाट असेल तर तसेच ठेवा.

ट्रकचं हँगर, म्हणजे चाकांचा दांडा धरणारा भाग, हे अ‍ॅल्युमिनियमचं कास्टिंग. आपलं गाव फाउंड्रीचं, त्यामुळे तडा दिसला की कुणीतरी म्हणणारच, नवीन ओतून देतो. करू नका. मूळ भागाला हीट ट्रीटमेंट असते. नुसता ओतलेला तुकडा माणसाचं वजन उडीत पेलेल याची खात्री नाही. वेल्डिंगही नको. तडा आहे की नुसता ओरखडा, हे डीपी टेस्टनं, म्हणजे तड्यात शिरणाऱ्या रंगाच्या चाचणीनं कळतं. लाल रंगाचं द्रव लावा, पुसा, पांढरा डेव्हलपर फवारा. तडा असला तर लाल रेघ उमटते. ती उमटली तर ट्रक भिंतीवर लावा आणि चालवायला दुसरा घ्या. नवा ट्रक मागवताना बेस प्लेटला (फळीला बसणाऱ्या पट्टीला) सहा भोकं आहेत का बघा. जुन्या फळीवर भोकांमधलं लांबीचं अंतर अडीच इंच, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून ते सव्वादोन इंचापेक्षा थोडं कमी झालं. नव्या ट्रकसाठी जुन्या फळीला ड्रिल लावणं हा गुन्हाच समजतो मी.

"काका, चाकं फिरंनात," म्हणत पोरं येतात तेव्हा बहुतेक दोष बेअरिंगचा असतो. माप ६०८ : आत आठ, बाहेर बावीस, जाडी सात एमएम. ड्रिल मशीनमध्ये हेच असतं, कुठल्याही बेअरिंगवाल्याकडे मिळतं. आपल्या पावसासाठी रबर सीलचं घ्या. जुनंच ठेवायचं असेल तर सील काढा, पेट्रोलनं धुवा, पूर्ण सुकवा आणि शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब सोडा. घट्ट ग्रीस भरलं की चाक जड होतं. दोन बेअरिंगमध्ये स्पेसर नसेल तर चाकाच्या आतली जागा मोजून पाइपचा तुकडा वळवून घ्या.

चाकांना नखानं दाबून बघा. चिकट लागली किंवा कडेनं भुगा पडला, तर पॉलियुरेथेन दमटपणानं मेलंय, त्यावर उपाय नाही. ती डब्यात जपा आणि नवी घ्या. आपल्या रस्त्यांवर ६० एमएमच्या पुढची, ७८ ते ८५ए कडकपणाची मऊ चाकं बरी. आजची ५२ एमएमची ९९ए चाकं प्रत्येक खडीवर अडतात.

फळी सात थरांच्या मेपलची. थर सुटले असतील तर आधी सावलीत सुकू द्या, उन्हात नको. मग सिरिंजनं फटीत पाण्याला टिकणारा फेविकॉल सोडा, चित्रावर बटर पेपर ठेवा, दोन्हीकडून सपाट लाकूड लावून सी-क्लॅम्प आवळा आणि एक दिवस हात लावू नका. वरचा ग्रिप टेप (पाय घसरू नये म्हणून चिकटवलेला खरखरीत कागद) काढायचाच असेल तर हेअर ड्रायरनं गरम करत इंच-इंच सोडवा. खाली कधीकधी वरच्या बाजूचंही छापील काम निघतं, तसं दिसलं तर तिथंच थांबा. प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि शेपटीखालचं संरक्षक कव्हर असेल तर मूळ स्क्रूंनीच परत बसवा.

सगळं जोडल्यावर किंगपिन हातानं घट्ट करून वर पाव-अर्धा फेरा द्या. बोर्डावर उभं राहून दोन्ही बाजूंना झुका. चाक फळीला घासलं तर ट्रकखाली जाड रबरी पॅड घाला, बोल्ट तेवढे लांब घ्या. पहिल्यांदा अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये फिरवा, डोक्यावर हेल्मेट ठेवा आणि एक फेरी झाली की सगळे नट पुन्हा तपासा. नवे बुश पहिल्या दिवशी दबतात, त्यामुळे किंगपिन हमखास थोडा सैल होतो.