सर्व्हरवरची जावा वर्कशॉपच्या डेस्कटॉपवर आणताना

नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यात वर्षानुवर्षे सर्व्हरसाठी जावा या भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्याला ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एखाद्या वर्कशॉपसाठी चलन आणि मालसाठ्याचा डेस्कटॉप प्रोग्राम करायचा असेल, तर ‘जावा फार हळू’ ही तक्रार त्याने आधी गांभीर्याने घ्यावी. सर्व्हर एकदा सुरू झाला की आठवडेच्या आठवडे चालतो आणि हॉटस्पॉटला, म्हणजे जावा चालवणाऱ्या यंत्रणेला, वारंवार चालणारा कोड यंत्रभाषेत उतरवायला भरपूर वेळ मिळतो. काउंटरवरचा प्रोग्राम मात्र रोज सकाळी थंड अवस्थेतून उठतो आणि माणूस त्याच्याकडे बघत बसलेला असतो.

ग्राहकाला जावा वेगळी बसवायला सांगूच नये. जावा 9 पासून मिळणाऱ्या जेलिंक या साधनाने गरजेपुरत्या मॉड्यूलांचा छोटा रनटाइम (प्रोग्राम चालवायला लागणारा जावाचा संच) काढावा आणि जावा 16 मध्ये पक्क्या झालेल्या जेपॅकेज या साधनाने त्याच्यासह विंडोजचा इन्स्टॉलर तयार करावा. असा छाटलेला रनटाइम काढताना क्लास डेटा शेअरिंगचे अर्काइव्ह (क्लास म्हणजे कोडचे घटक, ते आधीच वाचून तयार ठेवलेली फाइल) सहसा सोबत येत नाही. ते मुद्दाम तयार करून घ्यावे, कारण सुरुवातीचा बराच वेळ क्लास लोड करण्यातच जातो.

खरी बदनामी मात्र गोठलेल्या खिडकीने झाली आहे, आणि माझ्या मते त्यात भाषेपेक्षा लिहिणाऱ्यांचा दोष अधिक आहे. जावात खिडक्या आणि बटणे बनवणाऱ्या स्विंगमध्ये बटणाचा क्लिक आणि खिडकीचे रंगकाम ही दोन्ही कामे एकाच इव्हेंट डिस्पॅच थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच रांगेत, होतात. ‘चलन जतन करा’ या बटणाच्या कोडमध्येच डेटाबेसला हाक मारली, तर उत्तर येईपर्यंत खिडकी ना हलते ना रंगते, आणि वैतागलेला कारकून आणखी चार वेळा क्लिक करतो. म्हणून क्लिक होताच बटण निष्क्रिय करावे, डेटाबेसचे काम स्विंगमधल्याच स्विंगवर्कर या क्लासच्या, पार्श्वभूमीत वेगळ्या थ्रेडवर चालणाऱ्या पद्धतीत (मेथडमध्ये) टाकावे आणि पडद्यावरचा बदल त्याच्या ‘डन’ या पद्धतीतच करावा. प्रत्येक विनंतीला स्वतंत्र थ्रेड मिळण्याची सवय झालेल्या सर्व्हरवाल्याच्या हातून नेमके हेच राहून जाते.

दिसण्याकडेही लक्ष द्यावे. स्विंगचे मूळचे ‘मेटल’ रूप परके वाटते. पहिली खिडकी उघडण्यापूर्वीच विंडोजचे रूप लावावे. मराठी मजकुरासाठी जावा 9 च्या पुढची आवृत्ती घ्यावी, कारण तिथून अक्षरजुळणीला हार्फबझ ही लायब्ररी आली. तरीही ‘क्ष’, ‘र्‍या’ आणि ऱ्हस्व वेलांटी छापील चलनावर एकदा डोळ्यांनी तपासावी. हीपची, म्हणजे प्रोग्राम वापरत असलेल्या मेमरीची, कमाल मर्यादा स्वतः ठरवून द्यावी. न दिल्यास जावा साधारणपणे यंत्राच्या रॅमच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत जाऊ शकते, आणि त्याच संगणकावर टॅली आणि ब्राउझरही उघडे असतात.

वेग मोजायचा तो आपल्या लॅपटॉपवर नव्हे, तर वर्कशॉपमधल्या सर्वांत जुन्या संगणकावर, आणि तोही रीस्टार्ट केल्यानंतर लगेच. दुसऱ्यांदा उघडताना फायली विंडोजच्या कॅशमध्ये आधीच असल्याने तो आकडा फसवा निघतो.