आलेला व्हिडिओ पुढे पाठवण्यापूर्वी कसा तपासावा

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा या गावी, मुले पळवणारी टोळी समजून, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने मारून टाकले. त्या सुमारास देशभर मोबाइलवर एक व्हिडिओ फिरत होता. गल्लीत मुले खेळत आहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात, एका मुलाला उचलतात आणि निघून जातात. मूळ चित्रफीत कराचीतील मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती. तिच्या शेवटी तेच दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि फलक धरून दाखवतात. तेवढा शेवट कोणीतरी कापला होता. चित्र खरे आणि त्याला चिकटवलेली कहाणी खोटी, हा प्रकार पूर्णपणे बनावट चित्रापेक्षा पकडायला अवघड असतो, म्हणून तपासणीत त्याच्याकडे अधिक लक्ष द्यावे.

प्रथम मजकूर वाचून त्यात गाव, तारीख आणि पोलीस ठाणे यांचा उल्लेख आहे का, ते पाहावे. ‘आपल्या भागात टोळी आली आहे’ या वाक्यातला ‘आपला भाग’ वाचणाऱ्याप्रमाणे बदलतो, आणि त्यामुळेच असा संदेश सगळीकडे खपतो. व्हॉट्सॲपवर संदेशाच्या वर दुहेरी बाण दिसत असेल, तर तो अनेक हातांतून आलेला आहे आणि पाठवणाऱ्याला स्वतःला त्यातले काही ठाऊक असण्याची शक्यता कमी आहे, असे समजावे.

त्यानंतर व्हिडिओ आवाज बंद करून पुन्हा पाहावा. (आवाज नंतर चढवलेला असू शकतो, आणि घाबरवण्याचे निम्मे काम तोच करतो.) दुकानांच्या पाट्यांची लिपी, वाहनांच्या नंबरप्लेट, गणवेश जिथे स्पष्ट दिसतात, तिथे व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट घ्यावा आणि तो गुगल लेन्समध्ये (चित्रावरून शोध घेणाऱ्या गुगलच्या सोयीत) टाकावा. आलेल्या निकालांपैकी सर्वांत जुना निकाल शोधावा. पहिला दिसणारा पुरेसा नाही. २०१८ मध्येच, अवयवांसाठी मारलेली मुले म्हणून जे दृश्य फिरवले गेले, ते प्रत्यक्षात २०१३ मध्ये सीरियात विषारी वायूच्या हल्ल्यात दगावलेल्या मुलांचे होते. जुनी तारीख सापडली की बहुतेक प्रकरणे तिथेच मिटतात.

काहीच सापडले नाही, तर ते खरे ठरले असे मानू नये. जिल्ह्यात खरोखर टोळी पकडली गेली असती, तर स्थानिक वृत्तपत्राने गाव आणि गुन्ह्याच्या कलमांसह बातमी दिली असती. ती शोधावी, आणि तरीही शंका उरल्यास जवळच्या पोलीस ठाण्यात विचारावे. ‘खात्यातल्या मित्राने सांगितले’ म्हणणाऱ्या निनावी आवाजाला पुराव्याची किंमत देऊ नये.

घरच्या ग्रुपवर वडीलधाऱ्यांनी असे काही टाकले असेल, तर सर्वांसमोर ‘फेक आहे’ एवढे लिहून मोकळे होऊ नये. त्याने माणूस दुखावतो आणि संदेश तसाच राहतो. ‘काका, हा व्हिडिओ कराचीचा निघाला, पूर्ण व्हिडिओ इथे आहे’ असे आधी त्यांना स्वतंत्रपणे कळवावे, म्हणजे दुरुस्ती तेच ग्रुपवर टाकू शकतात. चूक आपल्या हातून झाली असल्यास, ‘सर्वांसाठी डिलीट’ केल्याने इतरांनी पुढे पाठवलेल्या प्रती जात नाहीत. म्हणून जिथे जिथे तो पाठवला, त्या प्रत्येक ग्रुपवर खुलासा लिहावा आणि तो पुढे पाठवायला सांगावे.