दिव्यांग दाखल्यावर टक्के कमी आले किंवा दाखलाच नाकारला, तर अपील कसं करायचं

संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज फेटाळला की लोक तहसीलमधल्या क्लार्कशी भांडतात, तलाठ्याच्या मागे लागतात, कुणाकुणाची ओळख काढतात, आणि दोन-तीन महिने असेच जातात. अडचण बहुतेक वेळा तिथे नसतेच, ती दाखल्यावरच्या टक्क्यात असते. योजनेला किमान 40 टक्के लागतात, दाखल्यावर 38 असतील तर तहसीलदाराच्या मनात असलं तरी तो काही करू शकत नाही. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांना या योजनेत महिन्याला 2500 रुपये मिळतात, आणि ज्या घरात दुसरी कमाई नाही तिथे या दोन टक्क्यांची किंमत काय असते ते मी फार जवळून बघितलंय. म्हणून भांडायचं ते दाखल्यावर.

आधी दाखल्याच्या नकाराचा कागद हातात घ्या. पोर्टलवर रिजेक्टेड दिसतं किंवा खिडकीवरचा माणूस 'बसत नाही' म्हणतो, तेवढ्यावर घरी येऊ नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 58 आहे, तपासणी झाली की दाखला द्यायचा नाहीतर का देत नाही ते लेखी कळवायचं. साधा अर्ज लिहा, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावाने, आवक शिक्का मारलेली पोच घ्या. कारण 'आजार यादीत नाही' असं असेल तर यादी स्वतः वाचा, जुन्या कायद्यात 7 प्रकार होते, आता 21 आहेत, पार्किन्सन्स, हिमोफिलिया, थॅलेसेमिया हे सगळं त्यात आलंय.

त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्जही टाका. जोडपत्र अ हा अर्जाचा नमुना, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला 30 दिवस. मागायचं एवढंच: माझ्या तपासणीच्या पत्रकाची प्रत, कोणत्या विभागाने किती टक्के धरले, आणि एकूण टक्के कसे काढले.

आता खरी अवघड जागा. इथे मी स्वतः अडकलो होतो आणि त्यात आमच्या चुलत्यांचे, आण्णांचे, पाच महिने गेले, त्यामुळे हे नीट वाचा.

आण्णांचा डावा डोळा लहानपणीच गेलेला आणि उजव्या पायाचा गुडघा बैलगाडीखाली आल्यापासून वाकत नाही. दाखला आला 30 टक्क्यांचा. आम्हाला वाटलं डोळा पूर्ण गेलाय आणि 30 कसे, हा अन्यायच आहे, म्हणून मी तिडकीने अपील लिहिलं, तीन पानं, डोळ्यावरच. परत तपासणी झाली, परत 30. नंतर माहिती अधिकारात पत्रक आलं तेव्हा कळलं. डोळ्यांच्या रकान्यात 30 आणि हाडांच्या डॉक्टरांच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. पाय कुणी बघितलाच नव्हता. आणि का बघितला नव्हता, तर ऑनलाइन अर्ज भरताना अपंगत्वाचा प्रकार म्हणून मी फक्त डोळा निवडला होता.

तेव्हा पत्रक आल्याशिवाय अपील लिहायचं नाही, हे माझं पक्कं मत झालंय. 'आधी अपील ठोकून द्या, बाकी बघू' असं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

पत्रक आलं की टक्के कसे मोजतात ते समजून घ्या. दुसरा डोळा चांगला असेल, म्हणजे डोळ्यांच्या तपासणीत नजर 6/18 किंवा त्याहून बरी, तर एक डोळा पूर्ण गेला तरी नियमाने 30 टक्केच मिळतात. ती डॉक्टरची मर्जी नाही, केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमधला तक्ता आहे. कानाचंही तसंच. चांगल्या कानाचे टक्के पाचने गुणतात, त्यात वाईट कानाचे मिळवतात आणि सहाने भागतात. म्हणजे एक कान ठार बहिरा आणि दुसरा ठणठणीत असेल तर शंभर भागिले सहा, जेमतेम 17. नुसता एक डोळा किंवा नुसता एक कान गेला असेल तर टक्क्यांसाठी अपील करू नका, मी स्पष्ट सांगतो, त्याने फक्त गाडीभाडं जातं आणि आशा लागून राहते.

पण दोन त्रास असतील तर गोष्ट बदलते. दोन्हीची सरळ बेरीज होत नाही, एक सूत्र आहे: 90 मधून मोठे टक्के वजा करायचे, जे उरेल त्याने लहान टक्क्यांना गुणायचं, 90 ने भागायचं, आणि येईल ते मोठ्या टक्क्यांत मिळवायचं. आण्णांच्या पायाला पुढे 18 मिळाले. 90 वजा 30 म्हणजे 60, 18 गुणिले 60 म्हणजे 1080, भागिले 90 म्हणजे 12. तीस आणि बारा, 42. वहीत हे गणित मी तीनदा केलं कारण विश्वासच बसेना, जो माणूस दोन वर्षं 30 वर अडकला होता तो हक्काने 40 च्या वर होता. एक डोळा गेलेल्याला दुसऱ्या त्रासाचे 15 मिळाले तरी बरोबर 40 होतात. 14 असतील तर 39.33, मग नाही.

आता पत्रक समोर ठेवून ठरवा. दुसरा त्रास तुम्ही अर्जात लिहिलाच नव्हता तर ते अपील नाही, एकापेक्षा जास्त अपंगत्व असं टाकून नवीन अर्ज करायचा, अपिलात नवा अवयव कुणी तपासत नाही, आमचं तेच झालं. अर्जात लिहिलं होतं आणि तरी रकाना कोरा आहे, किंवा दोन्ही तपासले पण एकत्र करताना गणित चुकलंय, किंवा कानात मळ असताना ऐकण्याची टेस्ट उरकली असं काही आहे, तर अपील. हातापायाच्या दाखल्यात अजून एक बघा, टक्के 'कशाच्या संदर्भात' लिहिलेत, त्या एका अवयवाच्या की पूर्ण शरीराच्या. लोक ती ओळ वाचतच नाहीत आणि नंतर टक्क्यांवरून गोंधळ होतो.

अपील कलम 59 खाली, सरकारने नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे. तुमच्या जिल्ह्यासाठी तो कोण आणि मुदत किती, हे शल्यचिकित्सकांच्या कार्यालयातून त्या पहिल्या अर्जातच लेखी विचारून घ्या, आणि पत्रक हातात आलं की आठवड्याच्या आत अपील देऊन टाका. मुदत पत्रकाच्या आधी संपत असेल तरच पत्रकाशिवाय द्या, आणि त्यात 'तपासणी पत्रक मागितले आहे, मिळताच जोडतो' अशी ओळ घाला.

मजकूर एका पानाचा. नाव, अर्ज क्रमांक, दाखल्याची तारीख, मग नेमकी चूक: 'अस्थिरोग तपासणीचा रकाना कोरा आहे, अर्जात हा प्रकार नमूद होता, तपासणी करून एकत्रित टक्के काढावेत.' गरिबीचं वर्णन, पोरांची शिक्षणं, आजवर मारलेले हेलपाटे हे सगळं खरं असतं पण इथे लिहू नका, ते वाचून टक्के वाढत नाहीत, चूक दाखवली की तपासणी होते. सोबत पत्रक, जुना दाखला, सहा महिन्यांच्या आतले रिपोर्ट. पोच घ्याच.

फेरतपासणीला रोजची काठी, चष्मा, कानाचं मशीन जे वापरता ते घेऊन जा आणि आहे तेवढंच दाखवा. जास्त लंगडून दाखवायला सांगणारे एजंट गेटवरच भेटतात, पाचशे-हजार मागतात, त्यांना एक रुपया देऊ नका. गुडघा किती अंशात वाकतो ते डॉक्टर मोजतात, सोंग लगेच कळतं आणि मग खऱ्या त्रासावरही संशय येतो. परत तपासलं की टक्के कमीही होऊ शकतात, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

नवा दाखला आला की त्यासोबत मिळणाऱ्या दिव्यांग ओळखपत्राच्या, म्हणजे यूडीआयडी कार्डाचा रंग बघा. 40 च्या खाली पांढरं, 40 ते 79 पिवळं, 80 आणि वर निळं. तहसीलला जुन्या फेटाळलेल्या अर्जाच्या मागे न लागता नव्या दाखल्यावर नवीन अर्ज द्या, उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा लावा, दिव्यांगासाठी कुटुंबाची मर्यादा वर्षाला 50 हजार आहे. आण्णांचं पिवळं कार्ड पोस्टाने आलं तेव्हा ते शेतात होते, काकूंनी ते देवघरात ठेवलं आणि संध्याकाळी हातपाय धुतल्याशिवाय त्यांना हात लावू दिला नाही.