गुडघा स्टिअरिंगला लागायचा, तेव्हा

माझी उंची ६ फूट ३ इंच. जुन्या हॅचबॅकची सीट पार मागे सरकवली तरी गुडघा स्टिअरिंगला टेकायचा. पुण्याहून कोल्हापूरला पोचेपर्यंत मांडी भरून यायची. शेवटी फॅब्रिकेटरकडून जाड पोलादी ब्रॅकेट करून घेतले आणि सीटचे रूळ ५० मिमी मागे नेले. बोल्ट मात्र ८.८ ग्रेडचेच, म्हणजे जास्त ताकदीचे, घातले. बेल्टचं बक्कल सीटलाच असतं, त्यामुळे धडक बसली तर मोठा भार याच बोल्टांवर येतो. इथे काटकसर करूच नका. सीटखाली एअरबॅगची पिवळी वायर असू शकते, म्हणून आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढून थोडा वेळ थांबलो. पुढची बाजू १० मिमी उचलली आणि मांडीला खरा आधार मिळाला! क्लच पूर्ण दाबूनही गुडघा किंचित वाकलेला राहतो. माझ्यामागे आता फक्त धाकटी लेक मावते.